प्रिन्सची गिटार आणि आबांचं पद

“आबा मधनंच उठून गेले,” भाऊ फोनवर म्हणाला.

दिवाळी पहाटेचा कार्यक्रम होता, कोल्हापुरात, आमच्याच पेठेत. मंचावर भावाचा मुलगा आणि त्याचे तीन मित्र. दोन गिटारी, ड्रम्स, आणि गायला माझा भाचा. त्यांनी ‘मानापमान’ या संगीत नाटकातलं ‘प्रेम सेवा शरण’ घेतलं. पहिली ओळ झाली, इलेक्ट्रिक गिटार आत शिरली, ड्रम्स सुरू झाले, आणि पुढच्या रांगेतून आमचे ब्याऐंशी वर्षांचे आबा काठी टेकत उठले. चप्पल शोधली आणि चालत घरी गेले. कुणाला एक शब्द बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी पेटीवरचं कापड काढलं, भाता दोनदा ओढला आणि कापड पुन्हा घातलं, असं वहिनीने नंतर सांगितलं.

दुपारपर्यंत तो चार मिनिटांचा व्हिडिओ आमच्या शाळेच्या ग्रुपवर आला होता. कुणी लिहिलं, “नाट्यसंगीताचं वाटोळं केलं पोरांनी.” दुसरा म्हणाला, “नाद खुळा! आजच्या पोरांनी पद म्हटलं हेच लई झालं.” एका मैत्रिणीने, जी स्वतः गाणं शिकलेली आहे, जरा लांबलचक लिहिलं. गिटार वाजवायची हौस असेल तर इंग्रजी गाणी म्हणा, चांगलीच म्हणा, पण आमच्या पदाला हात कशाला लावता? त्यावर पन्नास अंगठे पडले. मग डॉल्बीचा विषय निघाला, मग संस्कारांचा, आणि मग नेहमीप्रमाणे कुणीतरी मला विचारलं, “तू परदेशात राहतेस, तुला हे आवडतच असेल?”

कोल्हापुरात दुपारची जेवणं उरकतात तेव्हा इथे अमेरिकेत, मिनियापोलिसला मध्यरात्र उलटलेली असते. मी अंथरुणात मोबाईल धरून ते पद तीनदा ऐकलं. ग्रुपवर मी त्या रात्री काहीच उत्तर दिलं नाही. प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तर दोन ओळींत मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

आमच्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ राहतात. आयुष्यभर त्यांनी शाळेची पिवळी बस चालवली. दरवर्षी २१ एप्रिलला ते आम्हाला कॉफीला बोलावतात. २०१६ मध्ये त्या तारखेला प्रिन्स गेला, अमेरिकन गायक आणि गिटारवादक. हा या शहराचा मुलगा, इथेच जन्मला, जगभर नाव झालं तरी घर आणि स्टुडिओ इथेच ठेवला आणि त्याच वास्तूत शेवटचा श्वास घेतला. कॉफी झाली की गृहस्थ टीव्हीवर एक व्हिडिओ लावतात. दरवर्षी तोच. त्यात प्रिन्स स्वतःचं गाणं वाजवत नाही, दुसऱ्याचं वाजवतो.

तो व्हिडिओ १५ मार्च २००४ चा आहे. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा, म्हणजे रॉक संगीतातल्या थोरांना मान देणारा सोहळा होता. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन जाऊन सव्वादोन वर्षं झाली होती आणि त्या रात्री त्याला मरणोत्तर मान मिळत होता. प्रिन्सचाही त्याच रात्री सन्मान होता. हॅरिसनच्या आठवणीत त्याचं १९६८ चं ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ हे गाणं सगळ्यांनी मिळून वाजवायचं ठरलं. टॉम पेटी आणि जेफ लिन गात होते, स्टीव्ह विनवुड ऑर्गनवर होता. मधोमध साधी गिटार घेऊन हॅरिसनचा मुलगा उभा होता. त्याचं नाव धनी. आपल्या सप्तकातल्या धैवत आणि निषादावरून बापाने ते नाव ठेवलं. पहिल्या वर्षी शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात हे ऐकलं तेव्हा मी चमकले आणि मला आबांची पेटी आठवली होती.

प्रिन्स कुठे आहे ते सुरुवातीला शोधावं लागतं. तो उजव्या कडेला, जवळजवळ अंधारात उभा आहे. लाल हॅट, लाल शर्ट, खांद्यावर गिटार. साडेतीन मिनिटं तो नुसता साथ करतो. मूळ गाण्यात गिटारची एक प्रसिद्ध जागा आहे, ती एरिक क्लॅप्टनने वाजवली होती. गाणं त्या जागी आलं की कॅमेरा प्रिन्सवर जात नाही. ती जागा मार्क मॅन नावाचा गिटारवादक वाजवतो, आणि क्लॅप्टनने वाजवली होती तशीच वाजवतो. सूर न् सूर. तिथे स्वतःचं एक बोट घालत नाही.

मग शेवटच्या भागात लाल हॅट पुढे येते. इथे गृहस्थ कॉफीचा कप खाली ठेवतात. पहिला सूर लांबवलेला, तार ओढून वर नेलेला, आपण मींड म्हणतो तसा. मग तो गाण्याची चाल धरतो, सोडतो, परत धरतो. लय वाढत नाही, आतला भरणा वाढतो. मध्येच तो प्रेक्षकांकडे पाठ करून मंचाच्या काठावरून मागे झोकून देतो, खाली उभा असलेला एक माणूस त्याला पाठीशी झेलून धरतो, आणि तशा आडव्या अवस्थेतही वाजवणं थांबत नाही. त्या क्षणी धनीच्या चेहऱ्यावर जे हसू फुटतं ते बघायला मी दरवर्षी जाते. बापाचं गाणं दुसऱ्याच्या हातात गेलंय, ओळखू येण्याच्या पलीकडे चाललंय, आणि मुलगा लहान पोरासारखा हसतोय. शेवटच्या ठोक्यावर प्रिन्स गिटार वर भिरकावतो आणि तिच्याकडे न बघता मंचावरून चालता होतो. गिटार खाली आलेली दिसत नाही. ती गेली कुठे, यावर त्याचे चाहते अजून वाद घालतात.

या चाहत्यांचं आठवणं मी जवळून पाहिलंय. कुणाला तो वाद आवडतो. कुणी सांगतं की २००३ मध्ये एका मोठ्या मासिकाने शंभर थोर गिटारवादकांची यादी काढली, त्यात प्रिन्सचं नाव नव्हतं, हे त्याचंच उत्तर. त्या सोहळ्याचं चित्रीकरण करणाऱ्या जोएल गॅलनने पुढे सांगितलं की सरावाच्या वेळी मॅनने मधली जागा वाजवून टाकली तेव्हा त्याच्या पोटात गोळा आला होता. प्रिन्सने मात्र शांतपणे सांगितलं की ती त्यालाच वाजवू दे, मी शेवटी येईन. २०२१ मध्ये गॅलनने तो व्हिडिओ नव्याने जोडला, प्रिन्सची दृश्यं वाढवली, आणि लोक पुन्हा पहिल्यापासून बघायला बसले. आमच्या गृहस्थांना मात्र जुनाच आवडतो. नव्यात धनीचं हसू त्यांना लवकर आल्यासारखं वाटतं.

प्रिन्सने तिथे केवढी मोडतोड केली, याकडे लोक माझं लक्ष वेधतात. माझं लक्ष त्या आधीच्या मिनिटांकडे जातं. सन्मान ज्याचा होता, त्याची जागा आधी जशीच्या तशी वाजली. कुणीतरी ती मनापासून पाठ केली होती. ती वाजून झाल्यावर, आणि तोवर कडेला गप्प उभं राहिल्यावरच दुसऱ्याने आपलं म्हणणं मांडलं. दोन्ही एकाच गाण्यात झालं. कोल्हापुरातला आमचा वाद “जसंच्या तसं की नवं” असा मांडला जातो तेव्हा मला हे सहा मिनिटांचं गाणं आठवतं.

आता आबांच्या पदाकडे येते.

‘मानापमान’ १९११ चं. शब्द खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. टेंबे आमच्याच भागातले. त्यांची पेटी ज्यांनी ऐकली त्यांच्या पुढच्या पिढ्या अजून तिच्याबद्दल बोलतात. पण ‘प्रेम सेवा शरण’ म्हटल्यावर आबांच्या, माझ्या आणि आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या कानात जो आवाज येतो तो मास्टर दीनानाथांचा. त्यांची ती तडफ, ती फिरत, अंगावर येणारी. आणि दीनानाथांनी हे पद टेंब्यांच्या चालीत गायलं नाही. ‘मानापमान’मधल्या काही पदांना त्यांनी स्वतःच्या चाली लावल्या, त्यातलं हे एक. ज्याला आपण मूळ म्हणून छातीशी धरतो तेच कुणीतरी बदललेलं आहे.

मी आबांना फोन केला. चारपाच दिवस गेले होते. तब्येत, पाऊस, शेजारच्यांचं लग्न असं सगळं झालं. मग विचारलं, “आबा, टेंब्यांची चाल कशी होती हो?”

ते थोडा वेळ गप्प होते. मग पलीकडून पेटीचा सूर आला आणि बारीक आवाजात त्यांनी दोन ओळी म्हटल्या. मी ती चाल आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. संथ, शहाण्यासारखी, आपल्या पायरीवर बसलेली. माझ्या आजोबांकडून त्यांच्याकडे आलेली. “ही अशी,” ते म्हणाले. “आणि दीनानाथांनी ती उचलली आणि पार आकाशात नेली. तेव्हा पण लोक बोलले असतील की.” मग पुन्हा गप्प झाले. मी काही म्हटलं नाही. त्यांच्या तोंडून ते आलं होतं, त्यावर मी बोलणं बरं नव्हतं.

आपल्याकडे “जसंच्या तसं”चा आग्रह फार जुना नाही, असं मला वाटतं. तो तबकडीबरोबर आला. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटं मावत. रंगभूमीवर तेच पद रंगलं तर वन्स मोअरवर वन्स मोअर घेत कितीतरी वेळ चालायचं, आणि दर वेळी गायक नवी जागा काढायचा. ती काढली नाही तर लोक वन्स मोअर देतील कशाला? नाटक पहाटेपर्यंत चालायचं ते त्यामुळे. त्या लांबलचक रात्रींतला तीन मिनिटांचा तुकडा मेणावर उमटला, घरोघरी वाजला, आणि आपल्या कानांनी तोच आखून घेतला. आबांचे कान तसे घडलेत, माझेही तसेच.

कोल्हापूरने तर हे सगळ्यात आधी विसरायला नको. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते. तरुणपणी त्यांचा आवाज गेला होता. जो परत आला तो पहिल्यासारखा नव्हता, म्हणून त्यांनी त्या आवाजाला पेलेल अशी गायकी नव्याने घडवली, आणि तिचंच पुढे जयपूर-अत्रौली घराणं झालं. गावात १८८३ पासून देवल क्लब आहे, जिथे लोक चीज, म्हणजे बंदिश, ऐकायला जात नाहीत, चिजेचं आज काय होतं ते ऐकायला जातात. आणि शास्त्रीय बाजूला ठेवा. आमच्या पेठेतला भजनी मंडळाचा बुवा तुकोबांचा अभंग सिनेमाच्या चालीवर लावायचा आणि आबाच त्याला पेटीवर साथ करायचे. वरातीतला बेंजो आठवा. लतादीदींचं गाणं त्या बेंजोच्या पत्र्याच्या आवाजात, हलगीच्या ठेक्यावर निघालं की गल्लीतल्या बायका गॅलरीत यायच्या. कुणी म्हणालं नाही की गाण्याचा अपमान झाला. ती आमची रोजची सवय होती, तिला काही नाव नव्हतं. इकडे त्याला कव्हर म्हणतात.

मग गिटारवर एवढा राग का?

हा प्रश्न मी त्या गाणं शिकलेल्या मैत्रिणीला विचारला. तिने उत्तर दिलं आणि ते मला पटलं, म्हणून जसं दिलं तसं सांगते. ती म्हणाली, “तू तिकडे शांत गावात बसून गिटार ऐकतेस. आमच्याकडे विसर्जनाला घरासमोर भिंतीएवढी साऊंड सिस्टीम येते. काचा थरथरतात, आईच्या छातीत धडधडतं, लहान बाळ रडून निळं पडतं. पहाटे पाच वाजता मंचावर अॅम्प्लिफायर दिसला की माझं अंग आधीच आक्रसतं. पद मग ऐकूच येत नाही.” निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, असा नियम २००० पासून आहे. तो कागदावर आहे हे कोल्हापुरातल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. दर गणपतीला डॉल्बीमुक्तीच्या बैठका होतात, मंडळं शब्द देतात, काही पाळतातही. पण ज्यांचे कान वर्षानुवर्षं ठोकले गेलेत त्यांना हळुवार वाजणारी गिटारही आधी हल्लाच वाटणार. भाच्याला मी हे सांगितलं. म्हटलं, तुझ्या गिटारवर लोकांचा राग कमी आहे, तिच्या आवाजावर जास्त आहे. आवाज अर्ध्यावर आण आणि पुन्हा म्हणून बघ.

दुसरं एक कारणही आहे. आमच्या पिढीला “जुनं गाणं नव्या आवाजात” म्हटलं की ऐंशीच्या दशकातल्या व्हर्जन कॅसेटी आठवतात. गुलशन कुमारांच्या टी-सिरीजने जुनी हिंदी गाणी नव्या गायकांकडून म्हणवून स्वस्तात विकली. आमच्याकडे त्या पुष्कळ होत्या. माझ्या आत्याने एकदा प्रेमाने एक आणली, लावली, आणि अर्ध्या मिनिटात सगळं घर एकमेकांकडे बघायला लागलं. गाणं तेच, शब्द तेच, वाद्यंही जवळपास तीच, आणि आत कुणीच नाही. जशीच्या तशी नक्कल अशी पोकळ निघते. म्हणजे जसंच्या तसं असणं पुरत नाही, आणि बदललं म्हणूनही भागत नाही. नवीन पोरांना हे कुणी समजावून सांगत नाही, फक्त ओरडतं.

कायद्याची गंमत बघा. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीत कव्हरसाठी वेगळं कलम आलं. मूळ ध्वनिमुद्रण निघालं त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षं थांबायचं, मग ठरलेलं मानधन भरून कव्हर काढता येतं, पण शब्दांत आणि चालीत मालकाच्या संमतीवाचून बदल करायचा नाही. अमेरिकेत १९०९ पासून असा परवाना आहे आणि गाणं आपल्या ढंगाने बसवायची मोकळीक त्यात जास्त आहे. ‘मानापमान’ मात्र या सगळ्यातून सुटलंय. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, टेंबे १९५५ मध्ये, आणि आपल्याकडची मृत्यूनंतरची साठ वर्षांची मुदत दोघांचीही संपली. कायद्याने ते पद आता सगळ्यांचं आहे. पण आबा कायद्याला विचारून उठले नव्हते.

इथे सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. या देशात मेलेल्या कलावंतांच्या नावाने चालणारे कितीतरी बँड आहेत. तोच केसांचा टोप, तीच हॅट, तोच बूट, भाषणातल्या दोन वाक्यांमधला विरामसुद्धा तोच. तिकीट काढून मी एकदा गेले आणि मध्यंतरात घरी आले, आबांसारखीच. आणि तिकीट म्हणजे किती, हे कोल्हापुरात सांगितलं तर लोक बसायला खुर्ची मागतील. आमच्याकडे देवळाच्या ओट्यावर, चौकात, मंडपात गाणं फुकट ऐकायला मिळतं, आणि पुढच्या रांगेत भाजीवालीपासून डॉक्टरांपर्यंत कोणीही बसतं. इथे गाणं ऐकायचं तर गाडी काढा, पार्किंगचे पैसे भरा, दारात ओळखपत्र दाखवा. माझे शेजारी गृहस्थ प्रिन्सला त्याच्या उमेदीत ऐकू शकले ते तेव्हा त्या छोट्या जागांचं तिकीट बस ड्रायव्हरला परवडायचं म्हणून. आज नाही परवडत, असं ते स्वतः सांगतात.

आपल्या परदेशातल्या मराठी मंडळींबद्दलही एक बोलते. घरापासून लांब गेलो की आपण जास्तच कडक होतो. गणेशोत्सवात कुणी मुलीने भावगीत जरा वेगळ्या ठेक्यात घेतलं तर पहिला आक्षेप माझ्याच वयाचे लोक घेतात. आपण गाव सोडलं त्या वर्षीचं गाणं आपण बरोबर आणलेलं असतं आणि ते तसंच हवं असतं. मुलांना त्या वर्षाशी काही घेणंदेणं नसतं. त्यांना गाणं हवं असतं.

आणि खुद्द प्रिन्स? दुसऱ्याचं गाणं एवढ्या हक्काने आपलं करणारा हा माणूस स्वतःच्या गाण्यांना मात्र कुणी हात लावू नये या मताचा होता. २०११ मध्ये टीव्हीवर त्याने तक्रार केली होती की या परवान्याच्या कायद्यामुळे कोणीही आपलं गाणं उचलतं आणि मग आपली आवृत्ती उरतच नाही. २००८ मध्ये कोचेला संगीत महोत्सवाच्या मैदानावर त्याने रेडिओहेड या इंग्लिश बँडचं ‘क्रीप’ वाजवलं, लोकांनी मोबाईलवर टिपून ते इंटरनेटवर टाकलं, आणि त्याच्या बाजूने ते काढायला लावण्यात आलं. रेडिओहेडच्या थॉम यॉर्कला हे कळलं तेव्हा त्याचं म्हणणं होतं, त्याला सांगा सोडायला, गाणं तर आमचं आहे. आणि त्या ‘क्रीप’च्या श्रेयनामावलीत सत्तरच्या दशकातल्या एका जुन्या गाण्याचे दोन गीतकारही आहेत, कारण चाल त्या गाण्याशी फार जवळची होती. मला यात प्रिन्सचा दोष दिसत नाही. आपण घडवलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात बघताना जीव वर-खाली होतोच. आबांचाही तोच झाला.

आता एक गोष्ट, जी सांगताना अजूनही मला जड जातं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी, ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या गायकनट केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधवलेलं ते पॅलेस थिएटर, १९१५ चं, शेजारी खासबाग मैदान. मी लहानपणी तिथे नाटकं पाहिली, शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याच मंचावर उभी राहिले. भावाने व्हिडिओ कॉल लावला. त्याने कॅमेरा जळत्या छपरावरून वळवून माणसांवर नेला. माणसं नुसती उभी होती. म्हातारे रंगकर्मी रडत होते. एकजण हात जोडून उभा होता, देवळापुढे राहावं तसा. आबा घरी होते, त्यांना कुणी नेलं नाही, पण त्यांनी खिडकी उघडून ठेवायला सांगितली.

ते बघताना मला २०१६ मधली आमच्या इथली रात्र आठवली. प्रिन्स गेल्याची बातमी आली आणि हजारो लोक आपोआप फर्स्ट अॅव्हेन्यू या सभागृहाबाहेर जमले. ती इमारत पूर्वी बस स्टँड होती. तिच्या काळ्या भिंतींवर तिथे वाजवून गेलेल्यांच्या नावाच्या चांदण्या रंगवल्या आहेत. नदीवरचा पूल जांभळ्या दिव्यांनी उजळला होता. रस्त्यावर लोक त्याचं गाणं म्हणत होते, बेसूर, रडत, अनोळखी माणसांच्या खांद्यावर हात टाकून. मीही म्हटलं. पुढच्या काही दिवसांत कुणीतरी रातोरात त्याच्या चांदणीला सोनेरी रंग दिला.

केशवराव १९२१ मध्ये गेले, जेमतेम एकतिसाव्या वर्षी. त्याआधी तीनच महिने, ८ जुलैला, मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांचा आणि बालगंधर्वांचा संयुक्त ‘मानापमान’ झाला. केशवराव नायक धैर्यधर, बालगंधर्व नायिका भामिनी. त्या रात्रीचं चित्रण नाही, ध्वनिमुद्रण नाही. तरी कोल्हापुरात अजून तिच्याबद्दल बोललं जातं. कोणत्या पदाला कुणाचा वन्स मोअर जास्त, यावर माझ्या आजोबांचं त्यांच्या मित्रांशी भांडण व्हायचं, आणि त्यांच्यातला एकही माणूस त्या रात्री तिथे नव्हता. माझ्या शेजाऱ्यांकडे निदान व्हिडिओ तरी आहे.

नाट्यगृह पुन्हा कसं बांधायचं यावर गावात चर्चा झाली, आणि तिथे मी आबांच्या बाजूने आहे. ते जसंच्या तसं हवं. तीच उंची, तीच लाकडी मांडणी, तोच आवाज परतून येणारा. भिंतींनी बदलू नये, म्हणजे आत गाणाऱ्याला बदलायला जागा राहते. पदाबद्दल मात्र मी त्यांच्या बाजूने नाही, आणि हे मी त्यांना फोनवर सांगितलं. ते चिडले नाहीत. “पोरानं आधी टेंब्यांची चाल ऐकलीय का, विचार,” एवढंच म्हणाले.

मी विचारलं. नव्हती ऐकली. त्याला वाटत होतं दीनानाथांचंच मूळ. मग दोन आठवडे रोज संध्याकाळी तो आबांच्या पेटीशेजारी बसला, असं वहिनी सांगते. गिटार खोळीतच होती.

परवा त्याचा मेसेज आला. संक्रांतीला त्याच मंचावर पुन्हा म्हणायचं ठरलंय. “आत्या, पहिल्यांदा आबांची पेटी आणि टेंब्यांची चाल, एक आवर्तन सुद्धा इकडं तिकडं नाही. मग दीनानाथांची. मग आमचं. आणि अॅम्प्लिफायर अर्ध्यावर. चालतंय का?”

मी लिहिलं, चालतंय. आबांना कडेला बसवू नका, मधोमध बसवा, आणि तुमचं सुरू झालं की कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर ठेव. मला तेवढंच बघायचंय.